यवतेश्वरचा घाट आणि स्क्वॉटचा बार: एकाच बुटात जमेल का?

भाच्याचा फोन आला. पोलीस भरतीची तयारी चालू आहे त्याची. सकाळी साताऱ्यातल्या शाहू स्टेडियमवर 1600 मीटरचा सराव, संध्याकाळी पोवई नाक्याजवळच्या एका जिममध्ये वजनं. म्हणाला, "मामा, चार हजार साठलेत. पळायला आणि जिमला, दोन्हीला चालेल असा एकच जोड सांगा."

"दोन्हीला चालणारा घ्यायला जाशील आणि दोन्हीला न चालणारा घेऊन येशील," मी म्हटलं. पोराला वाटलं, मामा टाळतोय. मग रविवारी त्याला घरीच बोलावलं आणि स्वयंपाकघरातला भरलेला गॅस सिलिंडर बाहेर काढला.

14.2 किलोचा गॅस आणि लोखंडी टाकीचं वजन, मिळून साधारण तीस किलो. आधी फरशीवर उभं राहून उचलायला सांगितलं. सहज उचलला. मग कापसाची गादी खाली अंथरली, त्यावर उभं केलं आणि तोच सिलिंडर पुन्हा उचलायला सांगितला. उचलला, पण बघण्यासारखे होते ते त्याचे पाय. घोटे आतबाहेर हलत होते, पायाची बोटं गादी पकडायला बघत होती, गुडघे एकमेकांकडे झुकले होते. सिलिंडर तोच, पोरगा तोच. दोन मिनिटांपूर्वी ठाम उभा होता, आता नावेत उभा राहिल्यासारखा दिसत होता.

मग त्याला पलंगावर चढवलं. "आता फरशीवर उडी मार." मारली. टाचेतून कळ थेट डोक्यापर्यंत गेली असणार, चेहऱ्यावरूनच कळलं. "आता गादीवर मार." हसत मारली. आमच्या हिनं दारातून डोकावून "एवढ्या मोठ्या पोराला उड्या कसल्या मारायला लावताय" असं विचारलं, पण तोवर मुद्दा पोहोचला होता. पळायचा बूट म्हणजे ती गादी, वजन उचलायचा बूट म्हणजे ती फरशी. गादी आणि फरशी एकाच वेळी होऊ शकेल असा तळ अजून कुणी बनवलेला नाही.

यात एक गंमत आहे, आणि ती नीट कळली की पुढचं सगळं सोपं होतं. पळताना प्रत्येक पाऊल पडतं तेव्हा जमिनीकडून पायाला जो उलटा जोर मिळतो, तो शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट असतो. 70 किलोचा माणूस धरा. एका पायावर क्षणभर 140 ते 210 किलोचा भार. तोच माणूस खांद्यावर 80 किलोचा बार घेऊन स्क्वॉटला, म्हणजे वजनासकट उठबस करायला, उभा राहिला, तर एकूण 150 किलो, आणि तेही दोन पायांत वाटलेले, म्हणजे एका पायावर 75. भार पळण्यात जास्त आहे, वजन उचलण्यात कमी. मग जिथे भार जास्त तिथे मऊ तळ कसा चालतो, आणि जिथे कमी तिथे का चालत नाही?

फरक वेळेचा आहे. पळताना पाय जमिनीला टेकलेला असतो साधारण पाव सेकंद. तेवढ्यात तळ दबतो, थोडा धक्का गिळतो, थोडा परत देतो, आणि पाय सुटतो. तळ जरासा वाकडा दबला तरी पुढचं पाऊल येऊन गोष्ट सावरलेली असते. आणि हे पाच किलोमीटरमध्ये सुमारे पाच हजार वेळा घडतं, त्यामुळे प्रत्येक धक्क्यातला थोडा थोडा भाग तळानं उचलला तर संध्याकाळी नडग्या बोंबलत नाहीत. स्क्वॉटमध्ये मात्र तुम्ही त्या तळावर चार-पाच सेकंद उभे असता, हळूहळू खाली जाता, हळूहळू वर येता. तेवढ्या वेळात मऊ फोम जिथे भार जास्त तिथे जास्त दबत जातो. आतल्या कडेला जास्त दबला की पाऊल आत कलंडतं, त्यापाठोपाठ गुडघा आत येतो, आणि वर बार आहेच. शिवाय जोर लावतानाही पायाखालचा फोम दबत राहतो, ठाम आधार मिळत नाही.

मी स्वतः पहिली दोन वर्षं जिमला पळायचेच बूट घालून जायचो. 60 किलोच्या पुढे गेलो की उजवा गुडघा आत यायचा. मला वाटायचं मांडीत ताकद नाही. एक दिवस बूट काढून मोज्यांवर केलं आणि गुडघा जागेवर राहिला. ताकदीचा थोडा दोष होताच, पण निम्मा दोष तळाचा होता.

आता पळायच्या बुटाकडे येऊ, कारण पैसे खरे इथेच घालायचे आहेत.

पळायच्या बुटात तीन थर असतात. खालचा रबराचा, रस्ता पकडायला. वरचं जाळीचं कापड, पाय धरायला. आणि मधला जाड फोम, ज्याला सगळे मिडसोल म्हणतात. किंमत त्या मधल्या थराची असते. बहुतेक बुटांत तो ईव्हीए नावाच्या प्लास्टिकचा असतो, महागड्या बुटांत त्याहून हलका आणि जास्त उसळणारा. बाजारात नावाजलेल्या कंपनीचं चिन्ह लावलेली 'फर्स्ट कॉपी' मिळते ना, ती वरून हुबेहूब असते, पण कॉपी वरच्या कापडाची असते. मधला थर कुठला तरी साधा. त्यापेक्षा कमी नावाच्या कंपनीचा खरा बूट कधीही बरा.

दुसरा शब्द दुकानात कानावर पडतो तो 'ड्रॉप'. टाचेखालचा तळ आणि पंजाखालचा तळ यांच्या उंचीतला फरक, मिलिमीटरमध्ये. शून्यापासून बारापर्यंत असतो. ड्रॉप जास्त असेल तर पोटरीवरचा ताण थोडा कमी होतो, कमी असेल तर पोटरी आणि घोट्यामागच्या शिरेला जास्त काम पडतं. यात एक चांगलं, एक वाईट असं काही नाही. मात्र वर्षानुवर्षं दहाच्या बुटात पळणाऱ्यानं एकदम शून्याचा घालून यवतेश्वर चढायला घेतला, तर दुसऱ्या दिवशी जिना उतरताना तो कठड्याला धरूनच उतरेल.

पण खरं सांगू, फोम आणि ड्रॉप यांच्यापेक्षा जास्त लोक मापात फसतात. मीही फसलो होतो.

साताऱ्यात 2012 पासून हिल हाफ मॅरेथॉन होते. 21 किलोमीटर, पोलीस परेड ग्राउंडवरून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं आणि तसंच परत यायचं. पहिल्यांदा भाग घेतला तेव्हा बूट घेतले ते अगदी नेमक्या मापाचे. दुकानातला मुलगा म्हणाला, "घालून घालून सैल होतील." चामड्याचे बूट होतात सैल, हे होत नाहीत. चढताना काही वाटलं नाही. परतीच्या उतारावर मात्र प्रत्येक पावलाला पाय बुटात पुढे सरकायचा आणि अंगठा समोर जाऊन आपटायचा. घाट उतरून खाली आलो तेव्हा दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी झाली होती. दिवाळीपर्यंत दोन्ही गळून पडली. अभ्यंगस्नानाला आईनं पाय बघितले आणि दुखण्यापेक्षा जास्त बोलणी बसली.

म्हणून बूट पायात घालून उभं राहिल्यावर सगळ्यात लांब बोटाच्या पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. सगळ्यात लांब बोट म्हणजे पायाचा अंगठाच असेल असं नाही, पुष्कळांचं शेजारचं बोट लांब असतं. दोन पाय सारखे नसतात, मोठ्या पायाचं माप धरायचं. खरेदीला संध्याकाळी जायचं, कारण दिवसभर उभं राहून पाय थोडे फुगतात, पळतानाही फुगतात. आणि ज्या मोज्यांवर पळणार तेच मोजे घालून जायचं. लहानपणी शाळेचे बूट 'वाढत्या अंगाचे' म्हणून दोन माप मोठे घेऊन पुढे कागदाचा बोळा कोंबायचे, त्याचा सूड म्हणून की काय, मोठेपणी आपण सगळे चापूनचोपून बसणारे बूट घेतो.

रुंदीचा प्रश्न तर आणखी वेगळा. आपल्याकडे बुटावर जो सात, आठ, नऊ आकडा असतो तो बहुतेक वेळा ब्रिटिश मापाचा असतो, आणि तो मुळात लांबीचा आहे. डब्यावर अमेरिकन आकडाही छापलेला असतो, पुरुषांच्या बुटात साधारण एकानं जास्त. ऑनलाइन मागवताना तिथे गोंधळ होतो. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं डिसेंबर 2021 ते मार्च 2022 या काळात देशभर एक लाखाहून अधिक लोकांच्या पायांची मापं यंत्रानं घेतली, आपल्या लोकांसाठी 'भा' नावाची स्वतःची मापपद्धत करायची म्हणून. त्यात दिसलं ते गावोगावच्या चांभारदादांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं: आपले पाय युरोप-अमेरिकेतल्या पायांपेक्षा रुंद असतात. अनवाणी आणि चपलेत वाढलेला पाय पसरतो. म्हणून करंगळी चिमटत असेल तर लांबीनं मोठं माप घेण्याआधी त्याच मापात रुंद पंजाचा बूट आहे का ते विचारा. नुसतं लांब माप घेतलं की टाच सैल होते आणि तिथे फोड येतात.

टाच सैलच असेल तर त्यावर एक साधी युक्ती आहे. पळायच्या बुटाला नाडीची शेवटची दोन भोकं जरा मागे, वेगळी पाडलेली असतात. जवळजवळ सगळे ती रिकामी सोडतात. नाडी तिथून बाहेरून आत न्यायची, म्हणजे त्या बाजूला छोटा फासा तयार होतो. दुसऱ्या बाजूलाही तसाच. मग उजवी नाडी डाव्या फाशातून, डावी उजव्या फाशातून ओवायची, खाली ओढायची आणि नेहमीसारखी गाठ मारायची. टाच अशी बसते की घाट उतरताना पाय पुढे सरकत नाही. माझी दुसऱ्या वर्षीची नखं अर्धं माप मोठ्या बुटानं वाचवली आणि अर्धी या फाशानं.

दुकानात आणखी एक गोष्ट ऐकवतात. "साहेब, तुमचा पाय सपाट आहे, तुम्हाला हा स्पेशल बूट लागेल." ओला पाय फरशीवर उमटवायचा, ठसा बघायचा, त्यावरून बूट ठरवायचा. पटण्यासारखं वाटतं. अमेरिकेत भूदल, हवाई दल आणि मरीन या तिन्ही दलांच्या नव्या भरतीवर हे तपासून झालं आहे. निम्म्यांना तळव्याच्या कमानीप्रमाणे बूट दिले, निम्म्यांना सरसकट एकच प्रकारचा. दुखापतींमध्ये म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. पाऊल टेकताना थोडं आत कलणं हा दोषच नाही, धक्का पचवायची ती शरीराची स्वतःची रीत आहे. कॅनडातले संशोधक बेनो निग यांनी 2015 मध्ये मांडलेलं म्हणणं मला जास्त पटतं: चार बूट घालून बघा, जो पायाला सगळ्यात आरामशीर वाटेल तो घ्या, शरीर आपली निवड बरोबर करतं. फक्त ते 'घालून बघणं' स्टुलावर बसून करू नका. दुकानाबाहेर फुटपाथवर वीस-तीस पावलं पळा. लोक बघतात. बघू द्या.

आणि आयुष्य. पळायच्या बुटाचा फोम साधारण 500 ते 800 किलोमीटर टिकतो. आठवड्याला चार दिवस पाच-पाच किलोमीटर धरले तर सहा ते नऊ महिने. वरून बूट नवाकोरा दिसतो, म्हणून टाकवत नाही. पण तळाच्या बाजूला आडव्या सुरकुत्या पडलेल्या दिसल्या, अंगठ्यानं दाबल्यावर दबेनासा झाला, किंवा पळून आल्यावर नडग्या विनाकारण दुखू लागल्या, की त्यातली गादी संपली. तोच बूट घालून दिवसभर ऑफिसला गेलात तर तेही किलोमीटर मोजा. उलट, जपून माळ्यावर ठेवला तर टिकेल असंही नाही. काही बुटांचा तळ पॉलियुरेथेनचा असतो, तो दमट हवेत आतून कुजतो. तीन-चार पावसाळे डब्यात काढलेला लग्नातला बूट घालून निघावं आणि मांडवापर्यंत तळाचा भुगा व्हावा, हे पुष्कळांनी भोगलेलं आहे.

तळात कार्बनची पट्टी घातलेले जे बूट मोठ्या शर्यतीत दिसतात, त्यांचा मोह भरतीच्या पोरांना फार. रस्त्यावरच्या शर्यतीसाठी तळ 40 मिलिमीटरपेक्षा जाड नको आणि पट्टी एकच हवी, असा जागतिक ॲथलेटिक्सचा नियमच आहे, इतका वेगावर त्यांचा परिणाम होतो. पण ते महाग, लवकर संपणारे आणि उंच. माणदेशातल्या मोहीच्या ललिता बाबर 2016 साली रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या, तेव्हा असे बूट बाजारातही नव्हते. आधी सराव, मग पट्टी.

आता फरशीकडे.

तालमीत जोर-बैठका अनवाणीच होतात. बैठक मारणाऱ्याकडे खालून बघा: तळाशी गेला की टाचा उचललेल्या असतात, सगळा भार चवड्यावर. स्वतःच्या अंगाचंच वजन असतं आणि हात झुलत असतात, म्हणून तोल राहतो. पण खांद्यावर 80 किलोचा बार घेऊन टाचा उचलल्या तर उभं राहायला जागा उरते चार बोटांची. म्हणून स्क्वॉटमध्ये टाच जमिनीला चिकटलेली हवी. अडचण अशी की खूप खाली जायचं तर गुडघा पुढे यावा लागतो, त्यासाठी घोटा वाकावा लागतो, आणि पुष्कळांचा घोटा तेवढा वाकतच नाही. मग एक तर टाच उचलते, नाही तर कंबर पुढे झुकून भार पाठीवर जातो.

वेटलिफ्टिंगवाल्यांनी यावर तोडगा काढला: टाच वर जाऊ द्यायची नाही, जमीनच टाचेपर्यंत वर आणायची. त्यांच्या बुटाची टाच साधारण 20 मिलिमीटर उंच असते, आणि महत्त्वाचं म्हणजे दगडासारखी कडक. पूर्वी लाकडाची किंवा चामड्याच्या थरांची असायची, आता कडक प्लास्टिकची असते. वरून एक-दोन पट्टे, पाय आत हलू नये म्हणून. आपल्या शेजारच्या सांगलीत या खेळाची मुळं खोल आहेत. तिथलाच संकेत सरगर 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो गटात रौप्यपदक घेऊन आला, 248 किलो उचलून. सोनं गेलं 249 ला. जिथे पदकांमधलं अंतर एक किलोचं असतं, तिथे तळ दबून चालत नाही हे वेगळं सांगायला नको.

पण तुम्हाला तो बूट लागेलच असं नाही. भाच्याला मी म्हटलं, "उकिडवा बस." अनवाणी, पाय खांद्याएवढे फाकवून, टाचा जमिनीला टेकवून. बसला. दोन मिनिटं गप्पा मारत आरामात बसला, शेतावर न्याहारीला बसल्यासारखा. "तुला टाचेचा बूट नको," मी म्हटलं. मी बसलो तर टाचा उचलल्या. खुर्चीवर वीस वर्षं काढलेला घोटा आहे माझा. मला त्या बुटानं खरोखर फरक पडला. तोपर्यंत मी टाचेखाली अडीच किलोच्या दोन प्लेटा ठेवायचो. काम भागतं, पण पाय घसरला तर भलतंच, म्हणून ती सवय लावून घेऊ नका.

डेडलिफ्टचं गणित उलटं आहे. बार जमिनीवरून उचलायचा, म्हणजे तुम्ही जितके जमिनीजवळ तितकं बरं. तळ दोन सेंटिमीटर जाड असेल तर बार दोन सेंटिमीटर जास्त उचलावा लागतो, आणि टाच उंच असेल तर तोल पुढे, बोटांकडे जातो. इथे पातळ, सपाट, कडक तळ लागतो. साधा कॅनव्हासचा बूट उत्तम. मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणारे हमालदादा सपाट चपलेत काय वजन पेलतात ते आठवा, कुणी त्यांना फोमचा बूट देऊ केला तर ते हसतील. मोजे घालून किंवा अनवाणी केलं तरी चालतं, जिमवाला परवानगी देत असेल तर. फरशी गुळगुळीत असेल तर मोज्यांवर मात्र नको, पाय सटकतो. आणि मधुमेहामुळे ज्यांच्या तळव्याची संवेदना कमी झाली आहे त्यांनी अनवाणी व्यायामाच्या नादाला लागू नये, जखम झालेली कळत नाही.

वजनाचे बूट घालून ट्रेडमिलवर चढणारेही आमच्या जिममध्ये एक-दोघं आहेत. पाटावर उभं राहून पळण्यासारखं आहे ते. तळ वाकत नाही, टाच दणकन आपटते.

राहिले मधले लोक, म्हणजे आपण बहुतेक सगळे. दहा मिनिटं ट्रेडमिल, मग मशीनवर थोडं, हलके डंबेल्स. त्यांना ट्रेनिंग शूज म्हणून जो प्रकार मिळतो तो पुरतो: तळ पळायच्या बुटापेक्षा पातळ आणि कडक, थोडा रुंद. त्यात दोन-तीन किलोमीटर पळता येतं, मध्यम वजनही उचलता येतं. पाच किलोमीटर रोज पळायचे असतील किंवा बारवर अंगाच्या वजनाएवढं वजन जात असेल, तिथून पुढे बूट वेगळे करायचे.

भाच्यानं शेवटी सव्वातीन हजारांचा पळायचा जोड घेतला, मागच्या वर्षीचं मॉडेल, म्हणून सवलतीत. उरलेल्या पैशांत सपाट तळाचे पांढरे कॅनव्हासचे बूट. ते जिमच्या लॉकरमध्येच असतात. पळायचे बूट आता पावसात चिंब भिजून येतात आणि ताई ते चुलीजवळ वाळत ठेवायला निघते. तिला दोनदा सांगून झालं: उष्णतेनं आतला गोंद सुटतो, फोम आखडतो. आतली गादी काढून वेगळी ठेवायची, बुटात जुन्या वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, तासाभरानं बदलायचे आणि पंख्याखाली ठेवायचे. सकाळपर्यंत वाळतात. शाळेच्या बुटात कागद कोंबायची सवय तिच्या हाताला आहेच.